रेडिएशनच्या दिवसांत घरातले हसणे परत कसे आणावे?

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ५८ आहे. डाव्या स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढल्यानंतर सध्या माझे रेडिएशन चालू आहे. एकूण २० सिटिंग ठरली आहेत. त्यांतील पहिली १५ संपूर्ण स्तनासाठी आहेत आणि शेवटची ५ जिथे गाठ होती तेवढ्याच जागेसाठी, म्हणजे ज्याला बूस्ट म्हणतात त्यासाठी आहेत. आज नववे सिटिंग झाले. त्वचा थोडी लालसर झाली आहे आणि दुपारनंतर अंगातले बळ ओसरते, परंतु डॉक्टरांच्या मते सारे अपेक्षेप्रमाणे चालले आहे. त्यामुळे माझा प्रश्न औषधपाण्याचा नाही.

आमच्या घरातून हसणे निघून गेले आहे, याचे मला फार वाईट वाटते. माझे यजमान गेली कित्येक वर्षे रोज सकाळी वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती बातम्या देणाऱ्या निवेदकाच्या गंभीर आवाजात वाचून दाखवत असत आणि मी हातातले काम टाकून हसत असे. निदान झाले त्या दिवसापासून ते वाचन बंद झाले. मी खोलीत आले की चालू असलेला विनोदी कार्यक्रम कोणीतरी घाईघाईने बंद करते. परवा माझी सून आणि तिची बहीण कशावरून तरी खळखळून हसत होत्या. मी दारात दिसताच दोघी गप्प झाल्या आणि सुनेने चक्क माझी क्षमा मागितली. दुसरीकडे फोनवर मात्र दिवसभर "हसत राहा, सकारात्मक राहा" असे संदेश येत राहतात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे हे मी जाणते, पण ते वाचले की मला आणखी एक काम नेमून दिल्यासारखे वाटते आणि मी अधिकच थकते.

एक प्रसंग सांगते. हृदयाला किरणांचा कमीत कमी मारा बसावा म्हणून मला दीर्घ श्वास घेऊन तो रोखून धरावा लागतो आणि त्या वेळी खोलीत एक आवाज सूचना देतो: "श्वास घ्या, आणखी थोडा, आता धरून ठेवा." त्या संध्याकाळी यजमान फोनवर कोणाला तरी माझी सगळी हकिकत एका दमात सांगत होते. त्यांचे बोलणे संपल्यावर मी अगदी त्याच सुरात म्हणाले, "आता श्वास सोडा." ते क्षणभर मनापासून हसले आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. ते उठून गॅलरीत गेले. नंतर मला म्हणाले, "अशा दिवसांत मला हसू आले याची लाज वाटली."

माझा पाच वर्षांचा नातू या घरातला सर्वात मोठा विनोदवीर. पण किरण अंगात राहतात असे कोणीतरी सांगितल्यामुळे उपचार संपेपर्यंत त्याला माझ्याजवळ येऊ द्यायचे नाही असे ठरले आहे. तो दारातूनच बोलतो आणि जातो.

अशा काळात हसावेसे वाटणे चुकीचे आहे का? घरच्यांना हे कसे सांगावे? ज्यांनी हे उपचार घेतले आहेत त्यांना सोबत कुठे मिळाली, हेही कृपया सांगावे.


संधिप्रकाश

ताई, तुमच्या यजमानांना आलेल्या हसण्याची लाज वाटावी असे त्यात काहीच नाही. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी पाच आठवड्यांत २५ सिटिंग पूर्ण केली. आजाराचे गांभीर्य आणि हसू ही दोन्ही एकाच घरात, किंबहुना एकाच मनात, राहू शकतात हे मला त्या पाच आठवड्यांत समजले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हिच्याबद्दल मला फार तळमळ वाटते. हसण्याने कर्करोग बरा होत नाही आणि न हसण्याने तो वाढतही नाही. ज्या दिवशी रडू येईल त्या दिवशी आपण उपचारात काही कसूर करत आहोत असे कृपया मानू नका. "हसत राहा" या संदेशांचा तुम्हाला जो भार वाटतो तो याच गैरसमजातून येतो. हसण्याचा उपयोग याहून लहान आहे, पण खरा आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इतरांच्या सोबतीने मनमोकळे हसल्यानंतर माणसांची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढलेली दिसली. यामागे मेंदूत स्रवणारी एंडॉर्फिन्स, म्हणजे वेदना कमी करणारी रसायने, असावीत, असे त्यांचे म्हणणे आहे. ते प्रयोग कर्करोगाच्या रुग्णांवर झालेले नव्हते. तरीही मला स्वतःला अचानक उठणाऱ्या चमका आणि काखेतला ताण हसून झाल्यावर काही वेळ कमी टोचत असे, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.

आमच्या घरात हसणे परतले ते गोंदणामुळे. उपचाराचे नियोजन करताना छातीवर तिळाएवढे कायमचे ठिपके गोंदतात, म्हणजे रोज शरीर नेमके त्याच स्थितीत ठेवता येते, हे तुम्हाला माहीत आहेच. माझ्या मुलीला मनगटावर टॅटू काढायचा होता आणि मी तिला तीन वर्षे परवानगी दिली नव्हती. नियोजनाच्या दिवशी घरी येऊन मी तिला तीन ठिपके झाल्याचे सांगितले. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आई, आधी मला विचारायचे होतेस. मी निदान चांगली नक्षी तरी सुचवली असती." आम्ही दोघी हसलो, मग रडलो आणि पुन्हा हसलो. निदानानंतर तिने माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलण्याची ती पहिली वेळ होती. तिच्या त्या एका वाक्याने मी पुन्हा तिची आई झाले, नुसती रुग्ण राहिले नाही.

सोबतीबद्दल विचारलेत. केमो बहुतेक वेळा एक ते तीन आठवड्यांतून एकदा होते. रेडिएशन मात्र आठवड्यातून पाच दिवस आणि बहुतेक वेळा ठरलेल्या वेळेला असते, त्यामुळे बाहेरच्या बाकावर रोज तेच चेहरे दिसतात. आम्ही चौघी होतो. पहिल्या आठवड्यात कोणी कोणाशी बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात एकीने रुग्णालयाच्या झग्याच्या नाड्या दाखवून विचारले की यांतली कोणती कशाला बांधायची हे कोणाला कळले आहे का. कोणालाच कळले नव्हते. त्यानंतर ती रोज त्या नाड्या नव्या पद्धतीने बांधून येई आणि आम्ही तिघी तिला गुण देत असू. त्या बाकावर जे बोलता आले ते मी घरी कधीच बोलू शकले नसते. घरच्यांना माझी भीती दिसली की ते घाबरत. या तिघी घाबरत नसत, कारण त्यांची स्वतःची भीती त्याच बाकावर बसलेली होती. एकीची स्तनाखालच्या घडीतली त्वचा सोलवटली आणि ओली जखम झाली, त्या दिवशी कोणी विनोद केला नाही. आम्ही तिच्याजवळ नुसत्या बसून राहिलो. तिला त्याचीच गरज होती असे ती पुढे म्हणाली.

बाकावरची एक गोष्ट मात्र त्रास देऊ शकते, ती म्हणजे आकड्यांची तुलना. कोणाला २५ सिटिंग असतात, कोणाला १५, तर काही जणींना ५ सुद्धा. ज्यांची अधिक त्यांना आपला आजार अधिक वाईट असावा असे वाटू लागते. हे तसे नसते. एकाच आठवड्यात ५ सिटिंगमध्ये २६ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा देण्याची पद्धत ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासानंतर २०२० मध्ये पुढे आली आणि त्याआधी तीन आठवड्यांत ४० ग्रे देण्याची पद्धत रुळली होती. आजाराचे स्वरूप, काखेतील गाठींवर उपचार करायचा आहे की नाही, शस्त्रक्रियेचा प्रकार, उपचारकेंद्राची पद्धत अशा अनेक गोष्टींवरून सिटिंगची संख्या ठरते.

आधारगटांबद्दलही थोडे सांगते. आजार शरीरात इतरत्र पसरलेल्या २३५ स्त्रियांवर कॅनडात झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. गटात नियमित येणाऱ्या स्त्रियांचे आयुष्य त्यामुळे वाढले नाही, परंतु त्यांची मनःस्थिती सुधारली आणि वेदनेची जाणीव कमी झाली. सुरुवातीला ज्या अधिक खचलेल्या होत्या त्यांना हा लाभ अधिक झाला. आपल्या रुग्णालयात समुपदेशक किंवा असा गट आहे का, हे साप्ताहिक तपासणीच्या वेळी अवश्य विचारा.

आता घरच्यांना कसे सांगावे. तुम्ही सर्वांना एकत्र बसवून एकदाच आणि सरळ सांगावे, असे मला वाटते. मी असे म्हणाले होते: "तुम्ही हसणे थांबवले की मला माझा आजार वाढल्यासारखा वाटतो. माझ्यासमोर हसा. मला सहन होत नसेल तेव्हा मी स्वतः सांगेन." यातले शेवटचे वाक्य सर्वात उपयोगी पडले, कारण त्यामुळे अंदाज बांधण्याची जबाबदारी त्यांच्यावर उरली नाही.


किरणकक्ष

मी रेडिएशन तंत्रज्ञ म्हणून काम करते. रानजाई ताई, तुमच्या प्रश्नातील बाकी सर्व गोष्टींआधी मला नातवाबद्दल सांगणे अत्यंत आवश्यक वाटते.

तुम्हाला लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर या यंत्रातून बाहेरून किरण दिले जात आहेत. यंत्र बंद झाल्याक्षणी किरण थांबतात. तुमच्या शरीरात, कपड्यांत, घामात किंवा श्वासात काहीही मागे उरत नाही. तुम्ही नातवाला मांडीवर घेऊ शकता, कुशीत घेऊन झोपू शकता. त्याला कणभरही धोका नाही. थायरॉइडच्या आजारात किरणोत्सर्गी आयोडीन पोटातून देतात तेव्हा काही दिवस मुलांपासून अंतर ठेवावे लागते. त्या उपचाराचा नियम ऐकीव माहितीतून तुमच्या उपचाराला लागला असावा. घरच्यांचा विश्वास बसत नसेल तर त्यांना उद्या सोबत आणा आणि डॉक्टरांनाच विचारू द्या. काळजी एवढीच घ्यायची की लालसर झालेल्या बाजूला त्याचे डोके किंवा पाय जोरात आपटू नयेत. हे वाचून मी फार अस्वस्थ झाले, कारण ज्या दिवसांत माणसाला स्पर्शाची सर्वाधिक गरज असते त्याच दिवसांत एका गैरसमजामुळे आजी आणि नातू दारापाशी थांबले आहेत.

आणखी दोन गोष्टी. पुष्कळ लोक या उपचाराला शेक म्हणतात आणि त्यामुळे आत काही भाजत असेल अशी कल्पना होते. किरण चालू असताना उष्णता किंवा वेदना जाणवत नाही. त्वचेवरचा परिणाम हळूहळू साचत जातो आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतो. दुसरी गोष्ट हसण्याची. टेबलावर असताना हसू आले तर काय होईल, असे रुग्ण मला भीत भीत विचारतात. श्वासावर लक्ष ठेवणारी यंत्रणा जोडलेली असेल तर छातीची पातळी ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेल्याबरोबर किरण आपोआप थांबतात. शिवाय कॅमेऱ्यातून आम्ही तुम्हाला सतत पाहत असतो आणि तुमचा आवाजही आम्हाला ऐकू येतो. तुमचे हसून झाले, श्वास स्थिर झाला की जिथे थांबलो तिथून आम्ही पुढे जातो. तुमच्यामुळे आमचा वेळ गेला असे कधीही मानू नका.

खोलीचे जड दार बंद झाल्यावर आत एकटे वाटते असे अनेक जणी सांगतात. आवडते गाणे लावण्याची सोय आहे का, हे तुमच्या तंत्रज्ञांना विचारा. एका रुग्णताईंनी आमच्या यंत्राला त्यांच्या शाळेतल्या शिस्तप्रिय मुख्याध्यापिकांचे नाव दिले होते, कारण त्याही अशाच न बोलता भोवती एक फेरी मारून जात. त्यांचा उपचार संपून बराच काळ लोटला, पण आम्ही आजही त्या यंत्राला त्याच नावाने हाक मारतो. रोज वीस वेळा तेच काम करणाऱ्या आम्हा लोकांनाही रुग्णाच्या अशा एखाद्या वाक्याने बरे वाटते, हे तुम्हाला सांगावेसे वाटले.


दुसरी खुर्ची

माझ्या पत्नीच्या उपचारांत मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होतो, म्हणून हे तुमच्या यजमानांसाठी लिहितो.

दादा, हसल्यावर डोळे भरून येतात, कारण हसताना आपली पकड सुटते. मी ती पकड सहा महिने घट्ट धरून ठेवली होती आणि त्याचा ताण माझ्यापेक्षा माझ्या पत्नीला अधिक झाला. माझ्यासमोर तिला सतत धीट राहावे लागे. तुम्ही गॅलरीत जाऊ नका. तिथेच, त्यांच्याजवळ बसून रडा.

मी शिकलेला एक नियम सांगतो. यंत्र, झगा, वाट पाहणे, गाडी लावायला जागा न मिळणे, फोन करून विचित्र सल्ले देणारे परिचित या सर्वांवर विनोद चालतो. तिच्या शरीरावर मात्र विनोद करण्याचा पहिला हक्क तिचा आहे. एकदा मी तिच्या व्रणाबद्दल हलकेफुलके काही बोलून गेलो आणि ती दोन दिवस गप्प झाली. पुढे तिनेच त्याच व्रणावर विनोद केला तेव्हा मी हसलो आणि तो तिला हवा होता. फरक शब्दांत नव्हता, तो कोण बोलते यात होता.

जे लोक "काही लागले तर सांगा" असे म्हणतात त्यांना आम्ही नेमके दिवस वाटून दिले. एक मेहुणी दर मंगळवारी तिला उपचाराला नेत असे आणि वाटेत आजाराचा विषय काढायचा नाही असे दोघींचे ठरले होते. माझी पत्नी मंगळवारची वाट पाहू लागली. मलाही त्या दिवशी दोन तास झोप मिळे.

आणि कृपया उद्या सकाळी ती जाहिरात वाचा.


रानजाई

आपणा सर्वांचे आभार मानायला चार दिवस उशीर झाला, क्षमस्व. आज तेरावे सिटिंग झाले.

मुलगा आणि सून माझ्यासोबत आले आणि त्यांनी डॉक्टरांना नातवाबद्दल विचारले. किरणकक्ष यांनी लिहिले तेच उत्तर मिळाले. सून परतीच्या वाटेवर काहीच बोलली नाही. घरी आल्यावर तिने त्याला उचलले आणि थेट माझ्या मांडीवर आणून ठेवले. त्याने आधी माझा हात उलटसुलट करून पाहिला आणि मग निराश होऊन विचारले, "आजी, तू अंधारात चमकत नाहीस?" त्याला कोणी काय सांगून ठेवले होते कोण जाणे. मग दिवे मालवून त्याची खात्री पटवून द्यावी लागली. त्या अंधारात घरातले सगळे जण हसले. यजमानसुद्धा हसले आणि या वेळी उठून गेले नाहीत.

माझे सांगणे सर्वांनी शांतपणे ऐकले. सुनेने कबूल केले की माझ्यासमोर हसल्यास मला एकटे वाटेल अशी तिला भीती होती. मी तिला सांगितले की दार बंद करून हसल्याने तसे वाटते. जाहिरातींचे वाचन पुन्हा सुरू झाले आहे, पण पहिल्या दिवशी त्यांचा आवाज दुसऱ्याच ओळीत फुटला. मी थांबले. त्यांनी पाणी प्यायले आणि उरलेली जाहिरात पूर्ण केली.

आता एक शंका. आमच्या उपचारकेंद्रात शेवटच्या दिवशी घंटा वाजवतात. घरचे त्यासाठी आतापासून उत्साहात आहेत. मला मात्र त्या बाकावर बसणाऱ्या एका ताईंचा विचार येतो. त्यांचा आजार हाडांत पसरला आहे आणि उपचार संपल्याची घंटा त्यांच्या वाट्याला कदाचित येणार नाही. शिवाय सर्व संपल्यावर लगेच बरे वाटू लागते का?


संधिप्रकाश

नातवाचा प्रश्न वाचून मी आणि माझी मुलगी कितीतरी वेळ हसत होतो.

घंटेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ही प्रथा १९९६ मध्ये अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात सुरू झाली. अर्व्ह ले मॉइन नावाच्या नौदल अधिकाऱ्याने आपले रेडिएशन संपल्यावर तिथे पितळी घंटा वाजवली आणि ती तिथेच ठेवून दिली. काम फत्ते झाल्यावर घंटा वाजवण्याची त्यांच्या नौदलाची रीत होती. पुढे ती जगभर पसरली आणि अनेकांना तिचा आनंद होतो. परंतु २०१९ मध्ये अमेरिकेतच दोनशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात घंटा वाजवणाऱ्यांना नंतर उपचाराचा त्रास अधिक तीव्रतेने आठवत असल्याचे दिसले. त्यामुळे तुम्हाला मनापासून वाजवावीशी वाटली तर वाजवा आणि नसेल वाटत तर कोणाच्याही उत्साहाखातर वाजवू नका. मी वाजवली नाही. आम्ही चौघी शेवटच्या दिवशी बाकावर नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त बसलो, एवढेच केले. त्या ताईंबद्दल तुमच्या मनात आले आहे, तर त्यांच्याशीच बोलून पाहा. त्यांना काय वाटते हे आपण गृहीत धरू नये.

लगेच बरे वाटते का, याचे प्रामाणिक उत्तर नाही असे आहे. त्वचेचा दाह आणि थकवा दोन्ही उपचार संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक जाणवू शकतात आणि त्यानंतर हळूहळू ओसरतात. थकवा जायला कधी काही महिने लागतात; डॉक्टरांच्या संमतीने रोज थोडे चालल्याने मला त्यात खरोखर मदत झाली. त्वचेवर जखम झाली, ताप आला किंवा पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत कोरडा खोकला अथवा धाप सुरू झाली तर वाट न पाहता कळवा.

मला सर्वात अवघड गेले ते वेगळेच. रोजची ये-जा थांबली, तंत्रज्ञांचे "उद्या भेटू" थांबले, नातेवाइकांच्या दृष्टीने आजार संपला आणि मला मात्र सिटिंग संपल्यानंतर घरी बसून रडू कोसळले. म्हणून "दुसरी खुर्ची" यांनी सुचवलेली वाटणी शेवटच्या सिटिंगच्या दिवशी थांबवू नका. ती पुढे किमान महिनाभर चालू ठेवायला घरच्यांना आताच सांगून ठेवा. मन दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास राहिले, झोप उडाली, तर समुपदेशकाकडे जा.


रानजाई

त्या ताईंशी आज बोलले. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाजवा. मला आवाज आवडतो. पण त्यानंतर लगेच घरी पळू नका, माझी पाळी होईपर्यंत बसा." मी बसणार आहे. नातूही येणार आहे आणि घंटा आपण वाजवणार की आजी, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. नंतरच्या महिन्याचे दिवस मुलाने कागदावर लिहून भिंतीवर लावले आहेत. बुधवार आणि शनिवार सुनेच्या बहिणीने स्वतःहून मागून घेतले. उद्या चौदावे सिटिंग आहे.